उभं राहण्याची शर्यत

मित्रांनो, आधीच कबूल करून टाकते. मी एक जुनी, दोन शर्यती हरलेली पोलिसांची गाडी आहे. दोन्ही शर्यती मी एकाच उन्हाळ्यात हरले, आणि त्यातली एक तर भर गावादेखत. हरलेल्या गाडीची गोष्ट कशाला ऐकायची, असं तुम्हाला वाटेल. पण ऐकाच. पहिली शर्यत साधी होती, धावायची. दुसरीत धावायचं नव्हतंच. नुसतं उभं राहायचं होतं!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही बहिणी सरकत्या पट्ट्यावरून एकीमागून एक पुढे जात होतो. माझ्या पुढच्या बहिणीला मखमली बैठका मिळाल्या, गुबगुबीत गालिचा मिळाला. मी हरखून वाट बघत होते. माझी पाळी आली, तेव्हा एका माणसाने माझ्यावरचा कागद वाचला आणि ओरडला, "ही पोलिसांची रे!" झालं. गालिच्याच्या जागी काळं रबर आलं. स्प्रिंगा जाडजूड आल्या. मागच्या दारांना आतून उघडायची कडीच बसवली नाही. आणि चांगल्या गुळगुळीत छपराला चक्क दोन भोकं पाडली! मला अगदी रडू आलं. मी कुणाचं काय वाकडं केलं होतं?

पण मला जन्मापासून एक खोड आहे. रडता रडताही मला प्रश्न पडतात. ही भोकं कशाला? कडी का नाही? आणि मला सहा सिलिंडरचं लहान इंजिन, तर मागून येणाऱ्या पोलिसांच्याच गाडीला आठ सिलिंडरचं मोठं, असं का? तिथे उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती.

त्या आठ सिलिंडरवालीला मी थोरली म्हणते. आम्हा दोघींना एकाच ट्रेलरवर चढवून अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तर टोकाला टॅमरॅक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, धाडलं. साल होतं १९८०, महिना जून. तिथल्या लोन पाइन गावात पोलिसांचं गॅरेज आहे. गाड्या विकणाऱ्याने आमच्या किल्ल्या शेरीफच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाला, "दीड-दोन महिने दोघींना वापरून बघा. आवडेल तिच्यासारख्या सात पाठवतो."

शेरीफ म्हणजे काउंटीच्या पोलिसांचा मुख्य. लोक मतं देऊन त्याला निवडतात. आमच्या शेरीफचं नाव हाल्वर स्टेनरुड. उंच, रुंद खांद्यांचा, मोठ्या हॅटचा माणूस. आवाज असा, की बोलायला लागला की काचा थरथरायच्या. त्याच्या हाताखालच्या पोलिसांना डेप्युटी म्हणतात. त्या सगळ्यांचा जीव पहिल्या दिवसापासून थोरलीवर जडला. ती घुर्रर्र करायची आणि हे सगळे खूश व्हायचे.

पहिली शर्यत विमानांच्या धावपट्टीवर झाली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी जीव खाऊन पळाले हो! पण थोरली पोहोचून, वळून, उभी राहिली तरी मी आपली निम्म्यातच. डेल कूली नावाचा एक टवाळ डेप्युटी होता. तो म्हणाला, "हिला चोराच्या मागे लावली तर चोर म्हातारा होऊन मरेल, आणि मग आपण त्याला पकडू!" सगळे पोट धरून हसले. शेरीफसुद्धा हसला.

एकच माणूस हसलं नाही. आउने किव्हेला. काउंटीच्या सगळ्या गाड्यांची ती मेकॅनिक. बावन्न वर्षांची, बुटकी, निळा डगला, कानावर पेन्सिल, आणि हातात कायम कॉफीचा टवका उडालेला कप. तिने शर्यतीकडे धड बघितलंही नाही. ती वाकून माझ्या बॉनेटखाली काहीतरी बघत होती आणि वहीत लिहीत होती. ही काय लिहिते? माझा जीव नुसता तळमळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये सगळे कॉफीला जमले. आउनेने वेलदोड्याचा गोड पाव आणला होता. सगळ्यांची तोंडं भरलेली बघून तिने वही उघडली.

"मे महिन्यात मी प्रत्येक गाडीला एक छोटं घड्याळ लावलं होतं," ती म्हणाली. "इंजिन चालू असेल तेवढंच ते चालतं. डेल, तुझी गाडी महिन्यात दोनशे दहा तास चालू होती."

"मग! मी काम करतो, काम," डेल म्हणाला.

"त्यातले साठ तास ती धावली. उरलेले दीडशे तास एका जागी उभी. आणि कुणाच्या तरी मागे सुसाट धावली ती एकूण अकरा मिनिटं."

डेलने हातातला पाव खाली ठेवला.

"अकरा मिनिटांसाठी तुम्ही धावपट्टीवर शर्यत लावलीत," आउने म्हणाली. "दीडशे तासांसाठी कोण लावणार?"

खरंच की! मला तर माझ्याच जातीबद्दल हे ठाऊक नव्हतं. पोलिसांची गाडी म्हणजे पळणारी गाडी, असंच मी समजत होते. आउनेने वाचून दाखवलं तेव्हा कळलं. कुठे अपघात झाला, तर दिवे लावून रस्त्यात उभं राहायचं. कुठे झाड पडलं, उभं राहायचं. शाळा सुटली, उभं राहायचं. इंजिन मात्र बंद करायचं नाही, कारण दिवे, वायरलेस, हीटर सगळं त्याच्यावरच.

"मला दुसरी शर्यत हवी आहे," आउने म्हणाली. "दोघींना इंजिन चालू ठेवून उभं करायचं. कोण जास्त वेळ टिकते ते बघायचं."

गॅरेज हसण्याने दणाणलं. शेरीफ डोळे पुसत म्हणाला, "आउने, उभं राहण्यात कसली गं शर्यत? मग माझ्या सासूलाच घेऊ की ताफ्यात. ती दारात उभी राहिली की दोन दोन तास हलत नाही."

"हाल्वर, आपण एका वर्गात होतो," आउने शांतपणे म्हणाली. "तेव्हापासून मी तुझ्याकडे काही मागितलंय?"

शेरीफने जरा विचार केला. "नाही बुवा."

"मग आता मागते."

शेरीफने मान डोलावली. आउनेने अटी सांगितल्या. छपरावरचे फिरते दिवे चालू. समोरचे दिवे चालू. वायपर चालू. वायरलेस चालू. आणि हीटर पूर्ण जोरात.

"हीटर? जुलैत?" डेल किंचाळला.

"जानेवारीत लावतोस ना?"

"अगं, पण आत कुणीतरी बसायला हवं! भाजून निघेल तो माणूस!"

"हो. आत एक माणूस बसणार, आणि दर पाव तासाला वायरलेसवर बोलणार. थोरलीत तू बस. तुझी लाडकी ना ती?"

"आणि या सहावालीत कोण मरायला बसेल?" डेलने विचारलं.

"मी बसतो," मागून कुणीतरी म्हणालं.

तो रायमो रांताला होता. तिशीतला, किडकिडीत, कमी बोलणारा. तोही डेप्युटीच, पण त्याला मी कधी गाडीत बसलेलं बघितलं नव्हतं. तो ऑफिसात बसून मासेमारीचे परवाने लिहायचा. तो बोलला आणि एकदम सगळे गप्प झाले. डेलसुद्धा! शेरीफ आपल्या बुटांकडे बघायला लागला. आउनेने कॉफीचा कप खाली ठेवला.

आता असं काही बघितलं की मला चैन पडतं का? का गप्प झाले? काय झालं होतं? सगळे निघून गेल्यावर मी गॅरेजच्या कोपऱ्यातल्या एका तपकिरी गाडीला विचारलं. ती दिसायला चांगली होती, पण तिला कुणी बाहेर काढत नसे.

"मीच ती," तपकिरी म्हणाली, आणि मग तिने मला जानेवारीतली हकिकत सांगितली.

हायवेच्या एका वळणावर लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक उलटला होता. वेळ सकाळी दहाची, पण पारा शून्याखाली बत्तीस. जखमी ड्रायव्हरला रुग्णवाहिका घेऊन गेली. ओंडके मात्र रस्त्यावरच पसरले होते, आणि ते उचलणारी क्रेन सत्तर मैलांवरून येणार होती. वळणापलीकडून येणाऱ्यांना ते दिसले नसते, म्हणून रायमो तपकिरीचे दिवे लावून तिथे उभा राहिला. दोन वाजता तपकिरी बंद पडली. दिवे गेले, हीटर गेला, वायरलेसही मुका झाला. रायमोने डिकीतून लाल मशाली काढल्या आणि एकेक पेटवून हातात धरून तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. क्रेन आली चार वाजता. तोवर त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गोठून गेली होती. ती कापावी लागली.

"मग त्याला बक्षीस द्यायला हवं होतं!" मी म्हणाले.

"बक्षीस? त्याच्या नावावर ठपका ठेवला," तपकिरी म्हणाली. "मला उबदार गॅरेजमध्ये आणलं, चार्ज केलेली बॅटरी लावली, तर मी पहिल्याच किल्लीला चालू झाले. टाकी अर्धी भरलेली. एकोणीस हजार मैलच पळालेली, म्हणजे नवीकोरीच की! आउनेने दोन दिवस मला तपासलं आणि कागदावर लिहिलं, गाडीत दोष नाही. मग दोष कुणाचा? शेरीफने ठरवलं, रायमोनेच इंजिन बंद केलं असणार आणि त्याचा डोळा लागला असणार. तो परोपरीने सांगत होता, मी काही केलं नाही, मी हातसुद्धा लावला नाही. कोण ऐकतंय! गस्तीवरून काढला आणि टेबलावर बसवला."

"तो झोपला होता का गं?"

"छे! सगळा वेळ टक्क जागा होता. गाणं गुणगुणत होता. पण मला विचारतंय कोण?"

"मग तू बंद का पडलीस?"

"तेच तर मला कळत नाही," ती म्हणाली.

मित्रांनो, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सात गाड्या कुठल्या घ्यायच्या, एवढ्यावर ही शर्यत नव्हती. एका माणसाचं नाव त्यात अडकलं होतं. आणि ज्या कागदाने ते अडकलं, त्याच्यावर आउनेची सही होती.

जुलैतल्या एका गुरुवारी, सकाळी आठ वाजता, जत्रेच्या मैदानात आम्हा दोघींना शेजारी शेजारी उभं केलं. गावाला कुठून कळलं कोण जाणे! लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आले. चर्चमधल्या बायकांनी टेबल मांडून फळं भरलेले आंबटगोड केक कापायला घेतले. उभ्या गाड्या बघायला एवढी गर्दी मी पुन्हा कधी बघितली नाही.

डेल बनियनवर बसला आणि त्याने दोन्ही पाय बर्फाच्या बादलीत सोडले. रायमो मात्र गणवेशाची सगळी बटणं लावून बसला. कडेला पाण्याचा डबा, हातात घड्याळ. आमच्या गावातली फिनिश, म्हणजे मूळ फिनलंडची, घरं दर शनिवारी सॉनात, म्हणजे लाकडी खोलीत तापल्या दगडांवर पाणी ओतून, वाफ घेत घाम गाळत बसतात. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरे रायमो, आज गुरुवार! सॉना शनिवारी असतो!" लोक खदखदा हसले. रायमोही थोडासा हसला. मला ते आवडलं.

दर पाव तासाला तो वायरलेसचं बटण दाबून आपला नंबर सांगायचा. "सात नंबर. उभा आहे."

तिकडून ऑफिसातली लवर्न म्हणायची, "ऐकलं, सात नंबर. उभाच राहा, बाळा."

पहिला तास मजेत गेला. दुसराही. मग मला काहीतरी वेगळं वाटायला लागलं. तहान लागल्यासारखं. गाडीच्या पोटात अल्टरनेटर नावाचं एक यंत्र असतं. इंजिन फिरलं की पट्ट्याने ते फिरतं आणि वीज तयार करतं. मी पळत असते तेव्हा ते गरगर फिरतं आणि वीज मुबलक असते. पण मी उभी असते तेव्हा इंजिन सावकाश, म्हणून तेही सावकाश. आणि मागणारे किती! दिवे मागतात, हीटरचा पंखा मागतो, वायपर मागतात, वायरलेस मागतो, आणि इंजिन पेटतं ठेवणारी ठिणगीही वीजच मागते. कमी पडेल ते बॅटरीतून जायचं. थेंब थेंब करून माझी बॅटरी रिकामी होत होती, आणि बाहेरून कुणालाच दिसत नव्हतं. भर उन्हात दिवे मंदावलेले कुणाला कळणार?

मी नेट लावला. मनात म्हणाले, धावण्यात हरले तर हरले, उभं राहण्यात हरणार नाही. माझी शान, आउनेचा शब्द, आणि आत घामाने निथळणारा हा माणूस! मी हरले तर त्याचं काय होईल, या विचाराने मला धडकी भरली होती. वेडी होते मी. मला उलटंच वाटत होतं.

साडेबाराला रायमोने हीटरच्या जाळीसमोर हात धरला. हवा मंद येत होती. तो चपापला. त्याने पुन्हा एकदा जाळीवर हात फिरवला. एवढ्या उकाड्यात त्याच्या अंगावर काटा आलेला मी बघितला.

"सात नंबर," तो म्हणाला. "हीटर मंद झाला. जानेवारीत झाला तसाच."

"आवाज तुटतोय, सात नंबर," लवर्न म्हणाली. "पुन्हा बोल."

तो पुन्हा बोलला. पण ते तिला ऐकू गेलं नाही. मला धाप लागली, एकदा, दोनदा, आणि एकला दहा मिनिटं कमी असताना मी बंद पडले.

काय आरडाओरडा झाला! "हरली! सहावाली पुन्हा हरली!" डेल थोरलीत बसल्या बसल्या हात उंचावून नाचत होता. थोरली अजून घुरघुरत होती. शेरीफ आउनेजवळ आला. "झालं समाधान? धावण्यातही थोरली, उभं राहण्यातही थोरली. सात थोरल्या मागवू या आता."

"थांब," आउने म्हणाली. "माझं घड्याळ अजून चालू आहे."

लोक केक खात थांबले. मी लाजेने मेले होते. रायमो बाहेर आला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता.

एक वाजून वीस मिनिटांनी थोरलीला उचकी लागली. तिचं घुर्रर्र एकदम घशात अडकलं, आणि तीही गप्प झाली. डेल बादलीतून उडी मारून बाहेर आला आणि घाबऱ्याघुबऱ्या ओरडला, "मी काही केलं नाही हं! देवाशपथ! मी हातसुद्धा लावला नाही!"

"हेच," आउने म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "हेच रायमो जानेवारीत म्हणाला होता. शब्द न् शब्द."

आउने चार्ज केलेली बॅटरी घेऊन माझ्याकडे आली. तिने तारा जोडल्या, खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली. मी पहिल्याच फटक्यात चालू झाले. अशी छान, अशी गोड, जसं काही झालंच नाही!

"सांग हाल्वर, हिच्यात काय दोष आहे?"

शेरीफने माझा आवाज ऐकला. "काही नाही," तो म्हणाला.

"टाकी?"

"भरलेली."

"आतला माणूस झोपला होता?"

शेरीफने गर्दीकडे बघितलं. सगळ्या गावाने रायमोला ताठ बसलेलं बघितलं होतं.

"जानेवारीत मी हेच बघितलं," आउने म्हणाली. "पहिल्या किल्लीला गाडी चालू झाली, म्हणून मी लिहिलं, गाडीत दोष नाही. मैल मोजले. ती किती तास उभी होती ते मोजलंच नाही. बावीस वर्षं गाड्या दुरुस्त करते मी! थंडीत तर बॅटरीतला अर्धा जीव आधीच गेलेला असतो. माझ्या एका ओळीवर तू त्याला टेबलावर बसवलंस. चूक माझी आहे. सगळ्यांसमोर सांगते, चूक माझी."

शेरीफने हॅट काढली. हॅटशिवाय तो एकदम म्हातारा दिसला. त्याला मतं मागायची असायची, चूक कबूल करणं त्याला सोपं नव्हतं. पण तो माझ्या खिडकीशी आला, वाकला आणि त्या काचा थरथरवणाऱ्या आवाजातच म्हणाला, "रायमो, ठपक्यावरची सही माझी होती. मी चुकलो." मग त्याने ऑफिसातून तो ठपक्याचा कागद मागवला. माझ्या बॉनेटवर ठेवून, इतका जोर लावून त्याच्यावर 'ठपका रद्द' असं लिहिलं, की माझ्या रंगावर खालून अक्षरं उमटली. मी ती मिरवली हो, वर्षानुवर्षं!

रायमोने पाण्याचा डबा डोक्यावर ओतला आणि घरी निघून गेला.

सात गाड्यांचं काय ठरलं, विचारता ना? डेलने शेवटपर्यंत थोरलीसाठी हट्ट धरला. पण आउने म्हणाली, "रुग्णवाहिकेला मोठा अल्टरनेटर बसवतात, कारण ती उभी राहते हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपण उभे राहतो हे आपल्यालाच ठाऊक नव्हतं." मग सात गाड्या आल्या त्या माझ्यासारख्या, उभ्या उभ्या कमी पेट्रोल पिणाऱ्या लहान इंजिनाच्या, पण रुग्णवाहिकेच्या अल्टरनेटरच्या. मलाही तो बसवला. छपरावरच्या दिव्यांच्या तारा त्या दोन भोकांतूनच खाली आणल्या होत्या, हेही मला तेव्हा कळलं. तपकिरीलाही नवा अल्टरनेटर मिळाला, आणि ती पुन्हा रस्त्यावर आली.

नऊ हिवाळे मी काम केलं. बर्फात उभी राहिले, पुरात उभी राहिले. एकदा एक हरणाचं पिल्लू माझ्या गरम बॉनेटला टेकून झोपलं, तर त्याच्यासाठी मी अर्धा तास जास्त उभी राहिले. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. मग माझे पत्रे गंजले, नव्या गाड्या आल्या, आणि मला विकायला काढलं. कुणी घेईना. शेवटी आउनेनेच मला आपल्या शेडमागे आणून ठेवलं. आता ती फार थकली आहे. गवत माझ्या दारापर्यंत आलंय. कुणी येत नाही, तेव्हा वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

त्या नऊ वर्षांत रायमो माझ्यात बसून पुष्कळ बोलला. लग्न ठरलं तेव्हा बोलला, वडील गेले तेव्हा बोलला. पण मला आठवतो तो त्याचा पहिला दिवस. सप्टेंबरची सकाळ होती. गस्तीची किल्ली परत हातात मिळाली, तेव्हा तो मला घेऊन थेट हायवेच्या त्या वळणावर गेला. गाडी कडेला लावली. इंजिन चालू ठेवलं, दिवे लावले, हीटर लावला. रस्ता मोकळा होता, कुणी नव्हतं. एक तास झाला, दोन झाले. चार झाले. नव्या अल्टरनेटरवर मी मजेत उभी होते. त्याने घड्याळ बघितलं, जाळीसमोर हात धरला. हवा गरम आणि जोरात येत होती.

"म्हणजे मी झोपलो नव्हतो," तो म्हणाला.

मग तो ओक्साबोक्शी रडायला लागला. "रोज विचारायचे गं सगळे. झोपला होतास का? झोपला होतास का? सहा महिने! शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, की लागला असेल माझा डोळा. मी स्वतःलाच खोटं ठरवलं होतं."

मला बोलता आलं असतं तर काय काय सांगितलं असतं! मी आपली चालू राहिले, त्याचं रडणं थांबेपर्यंत.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या घरातलं एखादं यंत्र बंद पडेल, एखादं जनावर बसकण मारेल, एखादा माणूस चालता चालता गप्प होईल. तेव्हा लगेच कुणाच्या नावाने खडे फोडू नका. आधी विचारा, हा किती वेळ उभा होता? आणि उत्तर कळलं नाही, तर तेवढा वेळ त्याच्याशेजारी उभे राहून बघा. उकडेल, कंटाळा येईल, लोक हसतील. तरी उभे राहा.